वाघीणभर पेंढा

सकाळी फिरून आलो आणि रोशनच्या खोलीचं दार उघडेना. कडी निघाली, दार बोटभर सरकलं आणि आतून कोणीतरी पाठ लावून बसावं तसं परत माझ्याच अंगावर आलं. मी रोज सकाळी ती खोली उघडतो. खिडकी उघडतो, टेबलावरून फडकं फिरवतो, चादर नीटच असते तरी नीट करतो. मनोरमा याला माझी पूजा म्हणते, म्हणू दे. मी खांदा लावला. आत काहीतरी कुरकुरलं, दबलं, आणि फटीतून वास आला. ओला, गोडसर, गोठ्याच्या आसपासचा वास. जिथे इतकी वर्षं डांबराच्या गोळ्यांखेरीज कसला वास येत नाही, तिथे हा वास. क्षणभर वाटलं, वेंधळ्यासारखा दुसऱ्याच कोणाच्या घरात शिरलोय. मग डोळा फटीला लावला तर पेंढा दिसला. जमिनीपासून खिडकीच्या वरपर्यंत भाताच्या पेंढ्याचे भारेच्या भारे. पलंग दिसत नव्हता, टेबल दिसत नव्हतं, भिंतीवरचा रोशनचा पदवीदानाचा फोटो तेवढा वरच्या कोपऱ्यातून अर्धा डोकावत होता. वर पंखा भणभणत होता आणि त्या वाऱ्यात बारीक कुसळं उडत होती.

"ढकलू नका, भारे कोसळतील," स्वयंपाकघरातून मनोरमा म्हणाली. आवाजात अपराधाची छटाही नव्हती. भाकऱ्या थापत होती. "तुम्ही समुद्रावर गेलात आणि टेम्पो आला. रात्रीपासून पाऊस आहे तिकडे पाड्यावर. दिवाळी झाली तरी जात नाही मेला. नवशीच्या घरात माणसं झोपायला जागा नाही, भात आत घेतलंय. पेंढा कुठे ठेवायचा सांगा?"

"रोशनच्या खोलीत," मी म्हणालो.

"तीच एक कोरडी होती."

"विचारायचं तरी."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे बघितलं. "विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

चाळीस वर्षं शाळेत पोरं सांभाळलेल्या बाईशी वाद घालणं म्हणजे वर्गाबाहेर उभं राहायची तयारी ठेवणं. मी हॉलमध्ये येऊन बसलो. ती डबा बांधून, छत्री घेऊन, रानशेतला जायला निघाली आणि दारातून सूचना देत राहिली. पंखा बंद करायचा नाही. खिडकी अर्धी उघडी ठेवायची, पावसाची झड आली तर मिटायची. जमलं तर भारे उलटेपालटे करायचे. संध्याकाळी कारखान्याचा दिपक टेम्पो घेऊन येईल, त्याच्याकडे ओल मोजायचं यंत्र असतं, ते पेंढ्यात खुपसून बघणार, आणि कोरडा निघाला तरच तलासरीला नेणार. "आज नाही नेला तर झालंच मग," ती म्हणाली, आणि काय झालं ते न सांगताच गेली. मला ठाऊक होतं. ती गेलं वर्षभर या घरात दुसरं काही बोललीच कुठे आहे?

गोष्ट अशी आहे. तलासरीच्या पुढे, हायवेला लागून, एक कारखाना निघालाय. शेतातला टाकलेला पेंढा, गवत, लाकडाचा भुसा असलं सगळं घेतात, कुटतात, आणि यंत्रात असं दाबतात की मनगटाएवढे जाड दांडे बाहेर पडतात, लाकडासारखे टणक. पांढरा कोळसा म्हणतात त्याला. रंग तपकिरी, नाव पांढरा, असो. सीमेपलीकडच्या कारखान्यांच्या बॉयलरमध्ये दगडी कोळशाच्या जागी तो जळतो. निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात. आमच्या बाई या कोळशात गेल्या. रानशेतच्या पाड्यावरच्या बायकांचा गट केला. आता घरोघर बैल राहिले नाहीत, पेंढा खाणार कोण? तो बांधावर कुजतो नाहीतर जाळतात. तोच गोळा करायचा, सुकवायचा, कारखान्याला पुरवायचा. कारखान्याचा मालक तयार नव्हता. पेंढा फुगीर, ओलसर, वाहतुकीला महाग, त्यापेक्षा गुजरातेतून भुसा आणलेला बरा, असं त्याचं म्हणणं. मनोरमानं त्याचा पिच्छा पुरवला तेव्हा कुठे तो म्हणाला, एक खेप आणा, यंत्रात घालून बघू. ती खेप उद्याची. खेप चालली तर बायकांना हिवाळाभर पाड्यावरच काम. नाही चालली तर दरवर्षीप्रमाणे वीटभट्टीचा मुकादम ट्रक घेऊन येईल आणि नवशी, तिची सून योगिता, सगळ्या जणी पोराबाळांसकट, भांडीकुंडी बांधून, कोंबड्या टोपलीत घालून त्या ट्रकमध्ये चढतील. मनोरमानं त्यांना शब्द दिला होता की या वर्षी चढायला लागणार नाही. तिचा शब्द माझ्या पोराच्या पलंगावर वाळत पडला होता.

मी उठलो आणि पंखा बंद केला.

का केला, असं कोणी विचारलं तर मी सांगेन की बिल येतं. पण विचारायला घरात कोणी नव्हतं आणि स्वतःला असली उत्तरं देऊन भागत नाही. मला राग आला होता. पंखा मंदावत गेला, थांबला, आणि मग ती खोली आवाज करायला लागली. बारीक कुरकुर, सळसळ, एखादी काडी सुटून दुसरीवर पडल्याचा आवाज. मी हॉलमध्ये पेपर धरून बसलो होतो आणि एकच बातमी पुन्हा पुन्हा वाचत होतो. घरात कोणीतरी आहे असं सारखं वाटत होतं. रोशन बारावीला असताना असंच वाटायचं. दार लोटलेलं, आत तो वाचतोय की झोपलाय कळायचं नाही, पण खोलीत कोणीतरी आहे हे बाहेर बसूनही अंगाला कळायचं. आता तो रॉटरडॅमला आहे. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाला, बाबा, घर घेतलं. मी म्हणालो, अभिनंदन. काय बोलायचं असतं अशा वेळी? नोकरीसाठी गेलेला माणूस भाड्याच्या घरात राहतो. घर घेतो तो राहायलाच गेलेला असतो. फोन ठेवल्यावर मी त्याच्या खोलीत जाऊन गादी उन्हात टाकली होती, ती थेट संध्याकाळी उचलली.

आणि गवत मला नवीन नाही. हसू येतं ते याचंच. माझी उभी हयात रेल्वेच्या मालधक्क्यावर गेली, आणि नोकरीला लागलो तेव्हा डहाणू रोडचा मालधक्का म्हणजे गवताचा डोंगर होता. आसपासच्या रानातलं गवत बैलगाड्यांतून यायचं आणि मुंबईच्या तबेल्यांना जायचं. गवताएवढा लबाड माल नाही. डबा काठोकाठ भरतो, दरवाजा ओढून घ्यायला चार माणसं लागतात, आणि वजन बघावं तर काहीच नाही. आम्ही हवा भरून पाठवतो, असं आमचे वरिष्ठ म्हणायचे. सगळी मारामारी त्या हवेशी. व्यापारी दाबून गासड्या बांधायचे, तरी आत हवा उरायचीच. मला तेव्हाही वाटायचं, एवढी जागा अडवून बसलेल्या वस्तूत नेमकं असतं काय? तरुण होतो, मालाच्या डब्यांवर असले विचार करण्याइतका रिकामा वेळ होता.

नवशीला मी पहिल्यांदा बघितलं ते त्या धक्क्यावर. पोरसवदा होती, बापाबरोबर भारे वाहायला आलेली, रेल्वे कधी जवळून बघितलेली नव्हती. आमचा मुकादम घाटावरचा, शुद्ध सरकारी मराठीचा भोक्ता. वॅगन म्हणायचा नाही, वाघीण म्हणायचा. तो धक्क्याच्या टोकाला उभा राहून ओरडला, "दोन वाघिणी लागल्यात रे! चला लवकर!" नवशीनं डोक्यावरचा भारा टाकला आणि जी पळत सुटली ती थेट स्टेशनबाहेरच्या वडावर. बाप तिच्यापेक्षा शहाणा, तो पळाला नाही. त्यानं तिथेच डब्यासमोर बसून हात जोडले. त्यांचा वाघदेव पाड्याच्या वेशीवर असतो, त्याला हात जोडायची सवय. मुकादम पोट धरून हसला. मी झाडाखाली जाऊन तिला समजावलं की वाघीण म्हणजे डबा, लोखंडाचा. ती वरूनच म्हणाली, "मग डबा म्हण ना. वाघीण कशाला म्हणतोस?" तेव्हापासून मी तिच्या लेखी वाघिणीचा साहेब. मनोरमा लग्न होऊन आली, पाड्यावरच्या शाळेत लागली, तिथे नवशीची पोरं तिच्या वर्गात आली, आणि ओळख घरापर्यंत पोचली. पण नवशी आमच्या घरात कधी उंबऱ्याच्या आत बसली नाही. बस म्हटलं तर म्हणायची, "इथं बरं आहे. वारा लागतो."

दुपारी जेवायला बसलो. भाकरीलाही त्या वासाची चव लागत होती. म्हटलं, निदान त्याचं टेबल तरी बाहेर काढू; काचेवर ओरखडे उठतील. दार ढकललं, आडवा होऊन आत शिरलो. पेंढा अंगाला टोचत होता, मानेत कुसळं शिरली. टेबलापर्यंत पोचायला मधला भारा हलवायचा म्हणून त्याच्या पोटात हात घातला, कोपरापर्यंत, आणि तसाच राहिलो. आत ऊब होती. बाहेरून गार, ओलसर, आणि आत चांगलंच गरम. हात ओढून घेतला, मग परत घातला. तापलेल्या पोराच्या काखेत हात घालावा तसं वाटलं. ओलं गवत दाबून ठेवलं की आतून तापतं, कुजायला लागतं, हे धक्क्यावर ऐकलं होतं. एकदा पूर्ण डबा त्यानं काळा पडला होता. पण ते कागदोपत्री. हाताला कधी लागलं नव्हतं. रोशनला लहानपणी ताप यायचा तो असाच, कपाळ गार आणि अंग भाजतंय. मनोरमा तेव्हा मुक्कामाच्या शिबिराला जायची आणि मी रात्रभर त्याला मांडीवर घेऊन बसायचो. ताप उतरला की घामानं माझं धोतर भिजायचं आणि मला इतकं बरं वाटायचं की मी ते लवकर बदलायचो नाही. आता त्याला ताप येतो की नाही, आला तर कोण बसतं, मला माहीत नाही. विचारलं तर हसेल.

मी पंखा लावला. आणि घाबरलो, खरंच घाबरलो. माझ्या रागापायी सकाळपासून तो पेंढा बंद खोलीत उबत पडला होता. मी मधला भारा ओढून बाहेर काढला, हॉलमध्ये आणला, बांधलेली पेंढ्याची वेठ सोडली आणि पेंढा लादीवर पसरला. मग दुसरा. मग हॉल भरला तेव्हा आमच्या झोपायच्या खोलीत, पलंगावर, खुर्च्यांच्या पाठींवर, कपड्यांच्या दोऱ्यांवर. सगळे पंखे लावले. टीव्हीवर टाकला. देवघराच्या खालीसुद्धा टाकला, देवाला काय, त्याचंच गवत आहे. रोशनच्या खोलीतला पलंग मोकळा झाला तेव्हा त्याची गादी गुंडाळून ठेवली, पलंग भिंतीला उभा केला आणि त्या जागीही पसरला. धाप लागली होती. मनोरमानं बघितलं असतं तर आधी ओरडली असती की या वयात हे कसले उद्योग, आणि मग म्हणाली असती की कडेचा राहिलाय. मी गुडघ्यांवर बसून पेंढा हातानं उलटत होतो. ओला बाजूला, कोरडा बाजूला. हाताला फरक कळायला लागला होता. कोरडा झाला की तो बोटांत मोडतो, बोलतो. इतक्या वर्षांत मी त्याचं वजन केलं, जागा मोजली, पावत्या फाडल्या, पण हातात घेतला नव्हता.

त्यातच फोन वाजला. रोशन, व्हिडिओवर. मी तसाच, डोक्यात काड्या घेऊन, उचलला.

"बाबा, हे काय? कुठे आहात तुम्ही?"

"घरीच."

"घरी? मागे गवत आहे!"

मी सांगितलं. पाऊस, पाडा, खेप, आई. फोन फिरवून सगळं दाखवलं, उभा केलेला पलंगही. आता तो काहीतरी बोलेल म्हणून मी फोन जरा लांबच धरला होता. मनातून मला हवंच होतं त्यानं बोलावं. म्हणावं, माझ्या खोलीत का? तो हसत सुटला. त्याचं हसणं अजून तसंच आहे, नाकातून सुरू होणारं.

"माझ्या खोलीत? मस्त! बरं झालं बाबा. मी आईला किती वर्षं सांगतोय, त्या खोलीचं काहीतरी करा म्हणून. माझे कपडे देऊन टाका, टेबल द्या कुणाला. तिनं सांगितलं नाही तुम्हाला?"

बाहेर झड आली. मी उठून खिडकी मिटली, म्हणजे तोंड दुसरीकडे करायला मिळालं.

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "माझ्याकडूनच राहिलं."

मग तो नव्या घराबद्दल बोलला. मागे छोटी बाग आहे, जिना फार अरुंद आहे, तुम्ही दोघं उन्हाळ्यात या. मी हो हो म्हटलं. फोन ठेवल्यावर पेंढ्यातच बसून राहिलो. तिनं सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं तो तिला सांगत होता आणि ती माझ्यापर्यंत येऊ देत नव्हती. रोज सकाळी मी फडकं घेऊन त्या खोलीत जायचो, ती चहा गाळता गाळता पूजा झाली का विचारायची, आणि तिला माहीत असायचं की देव केव्हाच उठून गेलाय. मला वाईट वाटलं ते रोशनचं नाही. त्याचं बरोबर होतं. मला तिचं वाईट वाटलं, एकटीनं हे सगळं पोटात ठेवल्याचं, आणि त्याहून जास्त, मी ते ठेवायला लावल्याचं. थोडं रडू आलं. कुसळ गेलं डोळ्यात, असं सांगायला समोर कोणी नव्हतं, म्हणून सरळ रडलो. मग उठून परत पेंढा उलटायला लागलो, कारण हॉलमधला वरून सुकला होता आणि खालून ओला होता.

दिवेलागणीला टेम्पोचा हॉर्न वाजला. मी दार उघडलं. मनोरमा पुढे, मागे नवशी, आणि तिच्या मागे दिपक, तलासरीचा, कानाला फोन आणि हातात ते यंत्र, लांब सुईचं. मनोरमा दारातच थांबली. लादी दिसत नव्हती. ती हॉलकडे बघत राहिली, मग आमच्या झोपायच्या खोलीकडे, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी सांगणार नाही.

नवशी मात्र हसली. "वाघिणीच्या साहेबा, हे काय केलंस रं? तुझी बायको झोपायची कुठं?"

"तुझ्याकडे पाठवतो," मी म्हणालो. "तू आत तरी ये आता. बसायला पेंढा आहे."

ती आली. चपला काढून सरळ आत आली आणि हॉलच्या मधोमध पेंढ्यावर मांडी घालून बसली, स्वतःच्या अंगणात बसावी तशी. दिपक सुई खुपसत फिरत होता. हॉलमध्ये, पलंगावर, देवघराखाली. आम्ही तिघं त्याच्या तोंडाकडे बघत होतो. मनोरमाचा हात पदराच्या टोकाशी चाळा करत होता. निरीक्षक वर्ग तपासायला आले की असाच करायचा.

"काका, हा चालेल," दिपक म्हणाला. "हा पण चालेल. हा तिकडचा लीलो आहे, एकदम ओला, हा नाय घेणार. लीलो माल मशीनमध्ये गेला ना, तर आत वाफ होते आणि फटाका फुटतो. ऑपरेटर पळतो. बाकीचा बांधा." त्यानं फोनवर कोणाला तरी गुजरातीत सांगितलं की माल सुको आहे, आणतोय. मग यंत्र पिशवीत ठेवत म्हणाला, "सकाळी मशीनमध्ये टाकू. पेंढा असा आला तर चालणारच, मला काय त्यात डाऊट नाय. पण बाई, शेठ एकच विचारणार. एक खेप आणली, पुढे काय? दर आठवड्याला माल पायजे, आणि असाच सुको. तुमची माल ठेवायची शेड कधी होणार?"

"माघापर्यंत," मनोरमा म्हणाली.

"माघापर्यंत हा पाऊस काय थांबला नाय तर? आणि तोपर्यंत माल सुकवणार कुठं?"

नवशीनं पेंढ्यातली एक काडी उचलली आणि बोटांत मोडली. "परवा ट्रक येतो," ती म्हणाली. "मुकादम सांगून गेला. योगिताचं बोचकं बांधून झालंय." ती कोणाला दोष देत नव्हती. पाऊस पडतोय असं सांगावं तसं सांगितलं.

जिच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं ती मनोरमा खाली वाकून साडीला चिकटलेल्या काड्या काढायला लागली, एकेक, सावकाश. तिच्या डोक्यात काय आहे ते मला दिसत होतं आणि ती ते बोलणार नाही हेही दिसत होतं. एकदा न विचारता केलं होतं तिनं, ते तरी घायकुतीला येऊन. दर आठवड्याचं ती मागणार नव्हती. ट्रक आला असता, नवशी चढली असती, मनोरमा घरी येऊन चहा गाळताना मला पूजा झाली का विचारत राहिली असती.

"सुकवायला खोली आहे," मी म्हणालो.

दिपकनं माझ्याकडे बघितलं. नवशीनंही. मनोरमा वाकलेलीच होती. हातातली काडी हातात तशीच राहिली.

"कुठली खोली?" तिनं विचारलं. आवाज अगदी हलका होता.

"ती मागची," मी म्हणालो. "रिकामीच असते."